दोनशे सतरा नंबरची सायकल

ग्लेनिस पार्किन कुणाकडे सायकल बघायला गेली की काम होईपर्यंत चहाला नाही म्हणायची. चहा घेतला की माणूस मिंधा होतो आणि मिंध्या माणसाच्या तोंडून खरं साल निघत नाही, हे तिला अनुभवाने कळलं होतं. एकवीस वर्षांत तिने बऱ्याच जणांचा हिरमोड केला होता. कुणाच्या आजोबांची ‘युद्धाआधीची’ सायकल एकसष्ट सालची निघायची. कुणी लिलावात हौसेने घेतलेल्या फ्रेमला पुढचं चाक धरणारा चिमटा भलत्याच कारागिराचा असायचा. माणसं तोंड पाडून बसायची आणि ग्लेनिस वही मिटून निघायची.

विल्फ आणि एनिड हॉलरॉइड यांच्या घरी मात्र तिचा हा नियम चालत नसे. मंगळवारी सकाळी दार उघडल्या उघडल्या एनिडने तिच्या हातातली अवजारांची पिशवी काढून घेतली आणि तिला स्वयंपाकघरात ढकललं.

“बस आधी. केक कापलाय, चीज काढलंय.”

“एनिड, आधी सायकल बघते ना.”

“सायकल कुठे पळून जात नाही. आणि गेलीच तर बरंच होईल, मागच्या खोलीत मला इस्त्रीला जागा होईल.”

“ऐकतोय मी!” मागच्या खोलीतून विल्फचा आवाज आला.

“ऐकवायलाच बोलले!”

ग्लेनिस हसत बसली. ही दोघं तिला परकी नव्हती. चौदाव्या वर्षी ती स्किप्टनच्या सायकल क्लबात आली, तेव्हा डोंगरातल्या रस्त्यावर पंक्चर काढायला तिला विल्फनेच शिकवलं होतं. आता विल्फ पंच्याऐंशीचा होता, एनिड त्र्याऐंशीची आणि ग्लेनिस स्वतः साठीला आलेली. पाणीपुरवठा खात्यात आराखडे काढण्याची नोकरी सोडल्यापासून तिने एकच काम उराशी धरलं होतं: एमोस थ्वेटच्या सायकलींची नोंदवही.

हा थ्वेट स्किप्टनमध्ये कालव्याकाठच्या एका गोदामाच्या मागे सायकली बांधायचा. छत्तीस साली त्याने सुरुवात केली आणि त्रेसष्ट साली दुकान बंद केलं. लांबच्या सहलींसाठी हलक्या, पातळ नळ्यांच्या सायकली. प्रत्येक फ्रेम गिऱ्हाइकाच्या अंगाचं माप घेऊन केलेली, प्रत्येक सांधा पितळेचा डाग देऊन हाताने घासलेला. सगळ्या मिळून साडेपाचशेच्या आत-बाहेर. त्यातल्या दोनशे नऊ ग्लेनिसने शोधून काढल्या होत्या. थ्वेटची स्वतःची मागणीवही त्रेपन्न सालापर्यंतचीच उरली होती, पुढची ओल लागून गेली. त्यामुळे त्रेपन्ननंतरची सायकल आली की तिचं साल सांध्यांवरून, भोकांवरून, आकड्यांच्या ठशांवरून काढावं लागायचं, आणि ते काढणारी जगात एकटी ग्लेनिसच होती.

क्लबला त्या वर्षी नव्वद वर्षं होत होती. शनिवारपासून गावच्या वाचनालयात जुन्या सायकलींचं प्रदर्शन होतं आणि मधोमध विल्फची हिरवी थ्वेट ठेवायची असं ठरलं होतं. तिच्यापुढे एक पाटी हवी होती: कारागीर, नंबर, साल, मालक. तेवढ्यासाठी ग्लेनिस आली होती. खरं तर बघायचीही गरज नव्हती. मागणीवहीत स्पष्ट लिहिलेलं होतं: नंबर २१७, सप्टेंबर १९४९, डब्ल्यू. हॉलरॉइड, छापखाना कामगार. पण न बघता लिहायचं नाही, हा तिचा दुसरा नियम. तो मात्र तिने कुणाच्याही घरी मोडला नव्हता.

विल्फने सायकल जुन्या ब्लँकेटवर उलटी करून ठेवली होती. गडद हिरवा रंग, पुढच्या नळीवर साईच्या रंगाचा पट्टा.

“पन्नास सालच्या मे महिन्यात हिच्यावरून वेल्सला गेलो,” तो सुरू झाला. ग्लेनिसने ही गोष्ट शंभरदा तरी ऐकली असेल. “वसतिगृहाच्या दारात पोचलो तर मागचं चाक बसलेलं. खिशात ठिगळ नाही. तिथे पायरीवर ही बाई बसलेली, गुडघ्यावर स्वतःची ट्यूब घेऊन. म्हणाली...”

“म्हणाले, ठिगळं घरी विसरतोस तर घरीच का नाही राहिलास,” एनिडने दारातून पुरं केलं.

“आणि माझी ट्यूब हिनेच चिकटवली. याच चाकाची.”

ग्लेनिसने मागच्या चाकाचा हब पुसला. त्यावर कारखान्याचा ठसा होता, वर्ष आणि महिना: ४९, ८.

“बघ!” विल्फ म्हणाला. “ऑगस्ट एकोणपन्नास. आता लिही आणि केक खा.”

ग्लेनिसने मान हलवली आणि पेडलच्या आसाच्या डब्याखाली बोट फिरवलं. २, १, ७. तिने चष्मा वर केला, डोळा जवळ नेला. मग विजेरी काढली.

थ्वेटकडे आकडे ठोकायचे ठसे होते. सुरुवातीच्या संचातल्या सातला वर डाव्या बाजूला एक छोटी शेपटी होती. चोपन्न सालाच्या सुरुवातीला तो सात फुटला आणि त्याने नवा संच आणला. नव्यातला सात साधा, सरळ रेघेचा. ग्लेनिसने चाळीस-एक फ्रेमांवरून हे पक्कं केलं होतं. आणि तिच्या विजेरीच्या उजेडात जो सात होता, तो साधा होता.

तिने मागच्या चाकाचा आस बसतो ती पोलादी पट्टी बघितली. मडगार्डसाठी एक भोक, कॅरिअरसाठी दुसरं. चोपन्नच्या आधी थ्वेट एकच भोक पाडायचा.

“काय झालं?” विल्फने विचारलं. “तोंड का असं झालं तुझं?”

“विल्फ, ही फ्रेम कधी दुरुस्तीला दिली होती? मागचा भाग बदलून घेतला होता का?”

“छे! रंगसुद्धा तोच आहे.”

“मग... ही फ्रेम एकोणपन्नासची वाटत नाही मला. चोपन्नच्या पुढची आहे.”

विल्फने आधी तिच्याकडे बघितलं, मग एनिडकडे, आणि खो खो हसला. “ऐकलंस? माझी सायकल बनायच्या चार वर्षं आधीच मी तिच्यावरून वेल्सला जाऊन आलो!”

“चिमटा काढून बघावा लागेल,” ग्लेनिस म्हणाली. “त्याच्या दांडीवर आतून थ्वेट परत नंबर ठोकायचा. तिथे काय आहे ते बघू, म्हणजे मिटलं.”

“कशाला काढायचा?” एनिड एकदम म्हणाली. “रंग खरवडेल. शनिवारी लोकांना दाखवायची आहे.”

“काढू दे की! शब्द गिळावे लागतील तिला. पण मला नका सांगू. बेअरिंगचे छर्रे माझ्या हातून सांडतात, म्हणून चिमट्याला हात लावायचा तो हिनेच, पहिल्यापासून. दरवर्षी काढणार, पुसणार, ग्रीस भरणार. मला जवळ फिरकू देत नाही.”

एनिडने फडक्याला हात पुसले, मग पुन्हा पुसले. “विल्फ, मासळीवाल्याकडे जाऊन ये. तीन जणांचा तळलेला मासा आणि बटाटे आण. बारा वाजले की रांग लागते.”

“आत्ताच केक...”

“जा म्हटलं ना.”

विल्फ टोपी चढवून गेला. ग्लेनिसने सायकल सुलटी केली, हँडल सैल केलं, वरची मोठी चाकी फिरवून काढली, एका डबीत छर्रे मोजून घेतले आणि चिमटा खाली ओढला. दांडीवर ग्रीसचा जाड थर होता, एका बाजूला तर बोटभर. तिने चिंधीने तो पुसला. खाली आकडे होते, खोल आणि नीट ठोकलेले: ३८८.

तिने वर बघितलं. एनिड दाराला टेकून उभी होती.

“सापडला?” एनिड म्हणाली.

“तुम्हाला माहीत होतं?”

“मीच लावत होते ना ग्रीस.”

ती येऊन इस्त्रीच्या टेबलाजवळच्या स्टुलावर बसली.

“पंचावन्नच्या ऑक्टोबरात विल्फला वर खोऱ्यातल्या क्षयाच्या इस्पितळात ठेवलं,” ती म्हणाली. “अकरा मैल. हिवाळ्यात रविवारी बस नसायची. माझी सायकल बिनगिअरची, तो चढ तिच्याने होत नव्हता. म्हणून मी त्याची घेऊन जायचे. आणि तो बाबा, मी कॉटपाशी पोचले की पहिलं काय विचारायचा? सायकल बरी आहे ना? चेनला तेल घातलंस ना? बायको कशी आहे हे नंतर. मी म्हणायचे, तुझ्यापेक्षा बरी आहे. तेवढ्याने हसायचा. हसला की खोकायचा.”

“मग?”

“फेब्रुवारीत परत येताना उतारावर बर्फ होता. वळणावर मेंढरं. मेंढरांना चुकवलं आणि भिंतीवर गेले. फ्रेम पुढून अशी दुमडली, बघ, पुस्तक मिटल्यासारखी. आणि माझं हे गळ्यापासून खांद्यापर्यंतचं हाड मोडलं.” तिने बोटाने दाखवलं. “मोठ्या सिस्टरने आधीच सांगून ठेवलेलं होतं, पेशंटला वाईट बातमी द्यायची नाही, ताप चढतो. मी काय करणार? हात गळ्यात अडकवून थ्वेटच्या दुकानात गेले. म्हटलं, अशीच दुसरी करून द्या, रंग तोच, नंबर तोच. चाकं, ब्रेक, हँडल, सीट, सगळं जुनंच लावा.”

“आणि तो तयार झाला?”

“तो? मला हाकलूनच देत होता. म्हणे, बाई, मी आयुष्यात खोटा नंबर ठोकला नाही. मी बसून राहिले. त्याच्या बायकोने मला चहा दिला, त्याला शिव्या दिल्या. संध्याकाळी तो म्हणाला, बाहेर तुझा नंबर घालतो, आत माझा. मी मेल्यावर कुणी शहाणा आला तर त्याला कळू दे.” एनिडने ग्लेनिसकडे बघितलं. “म्हणजे तू.”

ग्लेनिसच्या हातात अजून चिमटा होता.

“ऑगस्टात विल्फ घरी आला तेव्हा सायकल भिंतीला लावून ठेवलेली होती. लगेच कसं सांगायचं? मग वर्ष गेलं. मग दहा गेली. आता पाटीवर एकोणपन्नास लिही आणि टाक मिटवून, पोरी.”

“एनिड, मला नाही लिहिता येणार.”

“एका पाटीने काय होतं?”

“पाटी नोंदवहीतून येते. एकोणपन्नासच्या फ्रेमला दोन भोकं आणि साधा सात, असं मी लिहिलं तर बाकीच्या सगळ्या सायकलींची सालं हलतात. हॉलंडमध्ये एक माणूस आहे, न्यूझीलंडमध्ये दोघी बहिणी आहेत. त्यांच्याकडे थ्वेट आहेत, ते माझ्यावर विसंबून असतात.”

“न्यूझीलंडच्या बहिणी विल्फसोबत राहत नाहीत. मी राहते.”

ग्लेनिसने वाकून छर्रे परत बसवायला घेतले. विल्फ मासे घेऊन आला तेव्हा चिमटा परत बसला होता. “घरी जाऊन वह्या तपासते, गुरुवारी सांगते,” असं पुटपुटत तिने कसेबसे चार घास खाल्ले आणि ती निघाली.

घरी जाऊन तिने नोंदी काढल्या. ३८६ नंबर एप्रिल छप्पनचा, ३९१ जुलैचा. ३८८ची जागा रिकामी होती. एकवीस वर्षं ती जागा रिकामी होती आणि ती भरायला मिळाली असती तर एरवी ग्लेनिसने शेजारणीला बोलावून सांगितलं असतं. आता पेन्सिल हातात घेऊन ती नुसती बसून राहिली. बुधवारभर तिने वाटा शोधल्या. शेवटी एनिडला फोन केला: पाटीवर सालच लिहायचं नाही. एमोस थ्वेट, स्किप्टन. मालक विल्फ्रेड हॉलरॉइड. बस. वहीत खरं राहील, वही कोण बघतंय? एनिड म्हणाली, “गुणाची आहेस.” फोन ठेवल्यावर ग्लेनिसला मुळीच गुणाचं वाटलं नाही.

गुरुवारी ती गेली तेव्हा दार विल्फने उघडलं. दाढी केलेली नव्हती. दाढी न केलेल्या विल्फला तिने कधी पाहिलं नव्हतं; क्लबच्या सहलीत तंबूबाहेर बसूनसुद्धा तो दाढी करायचा. मागच्या खोलीत जमिनीवर कपाटातले सगळे कप्पे रिकामे केलेले होते. पत्रं, पावत्या, क्लबच्या जुन्या पत्रिका, फोटोंची पाकिटं. एनिड दारात उभी होती. तिचा चेहरा उतरला होता.

“दोन दिवस हेच चाललंय,” ती म्हणाली. “जेवायलाही उठत नाही.”

“ग्लेनिस, इकडे ये,” विल्फ म्हणाला. त्याने एक फोटो पुढे केला आणि छापखान्यातलं आपलं भिंग तिच्या हातात दिलं. “वेल्सचा आहे. मागे तारीख आहे, मे पन्नास. आता मागच्या चाकाजवळ बघ.”

ग्लेनिसने बघितलं. तरुण विल्फ, हातात चहाचा मग, भिंतीला लावलेली सायकल. मडगार्डची काडी आणि कॅरिअरची काडी एकाच बोल्टवर आलेल्या.

“एक भोक,” विल्फ म्हणाला. “आयुष्यभर छापखान्यात शिशाचे अक्षर-खिळे जुळवले मी. उलटं अक्षर मला लांबून दिसतं. एक भोक. आणि आता ते बघ. दोन.” त्याने सायकलीकडे बोट केलं. “म्हणजे तू बरोबर बोललीस. ही ती सायकल नाही. मग माझी कुठे गेली? मी विकली? कुणाला दिली? मला काहीच कसं आठवत नाही?”

“विल्फ...”

“हॅरल्डचं असंच सुरू झालं होतं. आधी वर्षं इकडची तिकडे व्हायला लागली. लग्न कुठल्या साली झालं ते सांगता येईना. पुढच्या ख्रिसमसला त्याने मला ओळखलं नाही.” हॅरल्ड त्याचा थोरला भाऊ. “खरं सांग मला. माझं डोकं जायला लागलंय का?”

ग्लेनिसने एनिडकडे बघितलं. त्या क्षणी तिला वाटलं, आता आपणच बोलून टाकावं, नंतर एनिडने तोंड बघितलं नाही तरी चालेल. पण एनिड पुढे आली. पसरलेल्या पत्रांमधून वाट काढत ती विल्फजवळ गेली आणि त्याच्या हातातला फोटो काढून घेतला.

“तुझं डोकं ठिकाणावर आहे, म्हाताऱ्या. आहे तेवढं,” ती म्हणाली. “मी मोडली तुझी सायकल.”

“तू?”

“तू इस्पितळात असताना. भिंतीवर घातली. ही दुसरी आहे, थ्वेटने मला करून दिली. नंबरही मीच घालायला लावला.”

विल्फ तिच्याकडे बघत राहिला. ग्लेनिसला वाटलं, आता ओरडेल.

“कधी?” त्याने विचारलं.

“सांगितलं ना, तू...”

“तारीख विचारतोय मी.”

“छप्पनचा फेब्रुवारी. पहिला रविवार. तुला भेटून परत येताना.”

“लागलं?”

“हाड मोडलं. हे.”

विल्फ हळूच खुर्चीत बसला.

“त्यानंतर तीन रविवार तू आली नाहीस,” तो म्हणाला.

“सर्दी झाली म्हणून कळवलं होतं की.”

“नेलीच्या अक्षरात.” नेली म्हणजे एनिडची बहीण. “तीन पत्रं आली, तीनही नेलीच्या अक्षरात. माणसाला सर्दी होते म्हणून लिहिता येत नाही का? माझ्या शेजारच्या कॉटवर तो क्लिथरोचा गवंडी होता, आठवतो? त्याची बायको असंच आधी सर्दी म्हणाली. मग त्याचा भाऊ लिहायला लागला. मग वकिलाचं घटस्फोटाचं पत्र आलं.”

एनिडचा हात तोंडावर गेला.

“मी काय समजलो असेन?” विल्फ म्हणाला. “पोरगी पंचविशीची. नवरा रक्त ओकतोय. मी म्हटलं, तिचं तरी काय चुकलं. तिसऱ्या रविवारी तर मी खिडकीकडे तोंडच केलं नाही.”

“आणि मी चौथ्या रविवारी आले.”

“दुधाच्या गाडीतून. कोट काढला नाहीस. मला वाटलं, लगेच निघायचंय तुला.”

“आत हात बांधलेला होता, मूर्खा! कोट कसा काढणार?”

“मला काय माहीत?”

“विचारायचं होतंस!”

“काय विचारायचं? तू आली होतीस ना. बिस्किटं घेऊन आली होतीस. मग कशाला विचारू?” तो म्हणाला. “आलीस तेवढं पुरे झालं मला.”

एनिड त्याच्या खुर्चीच्या हातावर टेकली. तिने त्याच्या न केलेल्या दाढीवर तळवा ठेवला. “अठ्ठावन्न वर्षं हे मनात घेऊन बसलास?”

“तू नाही बसलीस?”

ग्लेनिस उठून स्वयंपाकघरात गेली. किटली भरली, उकळली, ओतून दिली आणि पुन्हा भरली. मागच्या खोलीतून विल्फचं नाक शिंकरणं ऐकू आलं आणि त्यापाठोपाठ एनिडचा आवाज: “माझा चांगला रुमाल आहे तो!”

चहा घेऊन ती आत आली तेव्हा विल्फ सायकलीशेजारी उभा होता. सीटवर हात ठेवून तो फ्रेमकडे बघत होता.

“घरी आलो तेव्हा ही मला वेगळी लागली होती,” तो म्हणाला. “ताठ. पायाखाली ओळख देत नव्हती. मला वाटलं, सायकल तीच आहे, मीच बदललो. फुप्फुसाबरोबर पायही गेले. वर्षभर घाबरून होतो. कुणाला बोललो नाही.”

“नवी फ्रेम होती,” ग्लेनिस म्हणाली. “थ्वेट तेव्हा मागच्या नळ्या जरा आखूड करायला लागला होता.”

“म्हणजे माझ्या पायांत काही नव्हतं?”

“काहीही नव्हतं.”

विल्फने एनिडकडे वळून बघितलं. “ऐकलंस? पायांत काही नव्हतं माझ्या. सत्तावन्न साली त्या लीड्सच्या पोरांना मी चढावर पुढे जाऊ दिलं, ते उगाचच.”

“ते तू जास्त खाल्लं होतंस म्हणून.”

ग्लेनिसने वही उघडली. आता लिहिणं भाग होतं आणि लिहिताना तिला पहिल्यांदाच हातात बळ आल्यासारखं वाटलं. २१७च्या ओळीत तिने लिहिलं: फेब्रुवारी १९५६ मध्ये अपघातात नष्ट. मग ३८८ची रिकामी ओळ काढली. “मे किंवा जून छप्पन,” ती म्हणाली. “मालकाच्या जागी ज्याने मागणी दिली त्याचं नाव लिहितात.”

“मग?” विल्फ म्हणाला.

“मागणी एनिडने दिली.”

एनिडने कप बशीत ठेवला.

“म्हणजे ती माझी आहे,” ती म्हणाली.

“वहीप्रमाणे, हो.”

“अठ्ठावन्न वर्षं हा माणूस माझी सायकल न विचारता वापरतोय.”

“इस्त्रीच्या खोलीतून हाकलायला बघत होतीस ती तुझ्याच सायकलीला!” विल्फ म्हणाला. पण तो हसत होता. आणि मग त्याने ग्लेनिसकडून पाटीचा कागद मागून घेतला. अक्षरं कशी असावीत, कुठे किती जागा सोडावी, हे ठरवायचा हक्क त्या घरात त्याचाच होता. संध्याकाळपर्यंत त्याने पाटी करून दिली: एमोस थ्वेट, स्किप्टन. नंबर ३८८, बाहेरून २१७. साल १९५६. मालकीण: श्रीमती एनिड हॉलरॉइड.

शनिवारी वाचनालयात लोकांनी ‘बाहेरून २१७’ म्हणजे काय, असं विचारून दोघांना भंडावून सोडलं. विल्फ सांगायला लागला की एनिड मध्ये तोडायची, एनिड सांगायला लागली की विल्फ तारखा दुरुस्त करायचा. मेंढरं पहिल्या खेपेला चार होती, दुपारपर्यंत वीस झाली. एका बाईने एनिडचा हात हातात घेतला आणि डोळे पुसले. तेव्हा एनिड अवघडून म्हणाली, “अहो, काही नाही, मी उतारावर ब्रेक उशिरा लावला, एवढंच.”

पुढच्या आठवड्यात विल्फने ग्लेनिसला फोन केला. तिची मोटार मोकळी आहे का? त्याला ती भिंत बघायची होती.

तिघं खोऱ्यातून वर गेले. उतारावर एनिडने एक वळण दाखवलं, मग म्हणाली हे नाही, पुढचं. पुढच्या वळणावर भिंतच नव्हती, तारेचं कुंपण होतं. परत मागे आले. दोन्हीकडे मैलभर दगडी भिंतीच भिंती, सगळ्या सारख्या, सगळ्यांवर शेवाळ. विल्फ काठी टेकत खाली उतरला आणि एकेका भिंतीचे दगड निरखायला लागला.

“इथे दुरुस्त केलेली दिसते,” तो म्हणाला. “हे दगड वेगळे आहेत.”

“मी काय भिंत पाडली होती का? भिंतीला काही झालं नाही. मला झालं.”

“तुझं डोकं आपटलं असतं तर पडली असती.”

ग्लेनिसने मोटारीच्या बॉनेटवर सँडविचं मांडली. वारा होता, पण ऊन पडलं होतं. कुंपणापलीकडून दोन मेंढ्या त्यांच्याकडे बघत चरत होत्या. एनिडने त्यांच्याकडे बघून तोंड वाकडं केलं.

विल्फ येऊन तिच्याशेजारी उभा राहिला.

“कुठला खांदा?” त्याने विचारलं.

“उजवा.”

“जो पावसाळी हवेत दुखतो? ज्याला मी तेल चोळतो?”

“तोच.”

“तू म्हणायचीस, गिरणीत कापड रफू करून करून दुखतो.”

“काहीतरी म्हणायला हवं होतं ना.”

विल्फने मान हलवली. मग त्याने गळ्यातला मफलर काढला, तिच्या उजव्या खांद्यावरून पुढे घेतला आणि नीट खोचला. एनिड म्हणाली, थंडी नाहीये मला. तो म्हणाला, असू दे. आणि हात पुढे करून त्याने ग्लेनिसकडून चीजचं सँडविच घेतलं, त्याचे दोन तुकडे केले आणि मोठा तिला दिला.